शेवटचा शब्द नको, पण वळसाही नको

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

एखादे महत्त्वाचे विधेयक वरिष्ठ सभागृहात अडले की, लोकांनी थेट निवडून न दिलेल्या सभागृहाने लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाला कोणत्या अधिकारात अडवायचे, असा प्रश्न हमखास विचारला जातो. तेच विधेयक तिथे चुटकीसरशी मंजूर झाले, तर मग हे सभागृह हवेच कशाला, हा दुसरा प्रश्न तयार असतो. हा पेच जुना आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील विचारवंत आबे सिएस यांच्या नावावर तो सांगितला जातो: दुसरे सभागृह पहिल्याशी सहमत असेल तर निरुपयोगी आणि असहमत असेल तर उपद्रवी. युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. पण सभागृहाचे काम होकार किंवा नकार देण्यापुरतेच असते, असे त्यात गृहीत धरले आहे. विधेयकात दुरुस्ती सुचवणे, ते समितीकडे पाठवणे, सरकारला त्याच मुद्द्यावर दुसऱ्यांदा उत्तर द्यायला लावणे आणि या सगळ्यात काही आठवडे किंवा महिने जाऊ देणे, हे होकार आणि नकार यांच्या मधले काम आहे, आणि माझ्या मते वरिष्ठ सभागृहाचे खरे काम तेच. त्यासाठी त्याच्याकडे शेवटचा शब्द असण्याची गरज नाही. मात्र त्याला वळसा घालून पुढे जाता येऊ नये, एवढी तजवीज राज्यघटनेत आणि तिच्या रोजच्या वापरात असली पाहिजे. आपल्याकडची बहुतेक चर्चा शेवटच्या शब्दाभोवतीच फिरते आणि वळशाचा मुद्दा मागे पडतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

जगातली वरिष्ठ सभागृहे काही एकाच कारणाने जन्माला आलेली नाहीत. ब्रिटनचे हाउस ऑफ लॉर्ड्स हा सरदार आणि धर्मगुरूंच्या मानपानाचा वारसा आहे. अमेरिकेचे सिनेट १७८७ साली फिलाडेल्फियात झालेल्या तडजोडीतून आले: एका सभागृहात लोकसंख्येनुसार जागा, तर दुसऱ्यात लहान-मोठ्या प्रत्येक राज्याला सारख्याच दोन. जर्मनीच्या बुंडेसराटमध्ये तर राज्यांची सरकारेच बसतात. आपल्या संविधान सभेत २८ जुलै १९४७ रोजी एन. गोपालस्वामी अय्यंगार यांनी दुसऱ्या सभागृहाची बाजू मांडली, तेव्हा त्यांचा दावा बेताचाच होता. महत्त्वाच्या प्रश्नांवर भारदस्त चर्चा व्हावी, भावनेच्या भरात होऊ घातलेल्या कायद्यांना थोडा विलंब व्हावा, आणि तरीही हे सभागृह कायदे करण्याच्या किंवा कारभाराच्या वाटेतली धोंड बनू नये, अशी ती अपेक्षा होती. पुढच्या पाऊणशे वर्षांत या सभागृहाच्या बाजूने आणि विरोधात जे काही बोलले गेले, ते बव्हंशी या तीन अपेक्षांच्या आतलेच आहे.

थेट निवडून न आल्याचा आक्षेपही अर्धाच खरा आहे. राज्यसभेच्या २४५ पैकी २३३ सदस्यांना राज्यांच्या आणि काही केंद्रशासित प्रदेशांच्या विधानसभांतील आमदार निवडतात. राष्ट्रपतींनी नियुक्त केलेले सदस्य फक्त १२. सर्व सदस्यांची मुदत सहा वर्षांची आणि दर दोन वर्षांनी एक-तृतीयांश निवृत्त होतात. निरनिराळ्या वर्षी निवडून आलेल्या विधानसभा बहुतेक सदस्यांना पाठवत असल्यामुळे या सभागृहात एका दिवसाचा कौल उमटत नाही. पाच-सहा वर्षांत ठिकठिकाणी मिळालेल्या कौलांची ती गोळाबेरीज असते. एखाद्या लाटेवर लोकसभा पूर्ण बदलू शकते, राज्यसभा तशी बदलत नाही. ही रचना मुद्दाम केलेली आहे. लोकांचे मत म्हणजे केवळ शेवटच्या मतमोजणीत दिसलेले मत, असे मानणाऱ्याला ती खटकणारच.

सप्टेंबर १९७० मध्ये या रचनेची कसोटी लागली. संस्थानिकांचे तनखे आणि विशेषाधिकार रद्द करणारे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेने आवश्यक बहुमताने मंजूर केले आणि ते राज्यसभेत आले. मतविभाजनात बाजूने १४९ आणि विरोधात ७५ मते पडली. उपस्थित राहून मत देणारे २२४, घटनादुरुस्तीला लागणारे त्यांचे दोन-तृतीयांश म्हणजे १४९ पूर्णांक एक-तृतीयांश. मताच्या एका तुकड्याने विधेयक पडले. सरकारने लगोलग राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेतली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला, त्याच महिन्यात लोकसभा विसर्जित झाली, १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींना प्रचंड बहुमत मिळाले आणि वर्षअखेरीस सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे कायमचे गेले. तनखे जायलाच हवे होते, याविषयी माझ्या मनात तेव्हाच्या सरकारइतकीच खात्री आहे. तरीही राज्यसभेने मोठा अनर्थ केला, असे मला वाटत नाही. स्वातंत्र्याच्या वेळी दिलेला आणि घटनेत लिहिलेला शब्द मोडायचा, तर तो मतदारांसमोर जाऊन मोडावा, एवढेच त्या सव्वा वर्षाच्या विलंबाने साधले. आदेश काढून जे टिकले नाही, ते निवडणुकीनंतर निर्विवादपणे टिकले.

याच्या उलट उदाहरणही लपवण्यात अर्थ नाही. आणीबाणीत, १९७६ साली, सरकारचे अधिकार वाढवणारी आणि न्यायालयांचे कमी करणारी बेचाळिसावी घटनादुरुस्ती राज्यसभेतूनही सहीसलामत पार पडली. विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगात होते आणि उरलेल्या सभागृहाने सरकारच्या म्हणण्याला मम म्हटले. वरिष्ठ सभागृह म्हणजे लोकशाहीची तटबंदी, असे ठासून सांगणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावे. मात्र त्यानंतरचे १९७८ हे वर्षही लक्षात ठेवायला हवे. जनता सरकारला लोकसभेत बहुमत होते, राज्यसभेत नव्हते. आणीबाणीतील बदल उलटवण्यासाठी आणलेल्या घटनादुरुस्तीतील काही कलमे राज्यसभेने गाळली, त्यांत घटनेच्या मूलभूत बाबींवर सार्वमत घेण्याचे कलमही होते. सरकारने हट्ट न धरता उरलेले विधेयक स्वीकारले आणि आज आपण जिला चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती म्हणतो ती झाली. अंतर्गत आणीबाणी लादण्यासाठी आता सशस्त्र बंडाचे कारण लागते, ते तिच्यामुळेच. दोन वेगळ्या बहुमतांची दोन सभागृहे एकमेकांशी बोलू शकतात, याचा इतका चांगला दाखला दुसरा नसेल. दुर्दैवाने तो फारसा कोणी सांगत नाही.

अलीकडचे उदाहरण वस्तू आणि सेवा कराचे. त्यासाठीची घटनादुरुस्ती लोकसभेने मे २०१५ मध्ये मंजूर केली. राज्यसभेने ती प्रवर समितीकडे, म्हणजे निवडक सदस्यांच्या समितीकडे, पाठवली आणि शेवटी ऑगस्ट २०१६ मध्ये ती तिथे मंजूर झाली. या काळात ‘राज्यसभेने घोडे अडवले’ अशी टीका भरपूर झाली. पण सव्वा वर्षात विधेयकात काय बदलले ते पाहावे. राज्याराज्यांतील मालवाहतुकीवर एक टक्का जादा कर लावण्याची तरतूद गळाली; ती राहिली असती, तर करावर कर चढण्याचा जो रोग घालवायचा होता तोच मागच्या दाराने परत आला असता. राज्यांच्या महसुली तोट्याची भरपाई पाच वर्षांपर्यंत देता येईल, अशी आधीची मोघम तरतूद होती. तिच्याऐवजी पाच वर्षे भरपाई देणे बंधनकारक झाले. करोनाच्या काळात भरपाईवरून केंद्र आणि राज्ये यांच्यात जी ओढाताण झाली, तेव्हा राज्यांच्या हातात धरायला काही होते, ते या दुरुस्तीमुळे. हे सारे काम राज्यसभेच्या एकटीच्या शहाणपणाचे फळ होते असे मी म्हणणार नाही. राज्यांचे अर्थमंत्री आणि विरोधी पक्ष यांचा दबाव होताच. पण तो दबाव परिणामकारक ठरण्यासाठी सरकारला ज्या सभागृहात मते कमी पडत होती, ते सभागृह असावे लागले.

आता दुसरी बाजू. वरिष्ठ सभागृहाला शेवटचा शब्द दिला की काय होते, हे ऑस्ट्रेलियाने १९७५ साली पाहिले. तिथल्या सिनेटमध्ये विरोधकांनी अर्थसंकल्पाची विधेयके रोखून धरली. सरकारचा पैसा संपत आला. ११ नोव्हेंबरला गव्हर्नर जनरल सर जॉन केर यांनी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना बडतर्फ केले आणि विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर यांना हंगामी पंतप्रधान नेमले. कनिष्ठ सभागृहाचा विश्वास असलेले सरकार वरिष्ठ सभागृहाने तिजोरीची नाडी आवळल्यामुळे गेले. फ्रेझर पुढच्या महिन्यात निवडणूकही मोठ्या फरकाने जिंकले, ही गोष्ट खरी. पण त्यामुळे प्रश्न सुटत नाही. सरकार कोणाला उत्तरदायी, याला एकच उत्तर असले पाहिजे. ब्रिटनने ते १९११ मध्येच दिले होते. १९०९ चा अर्थसंकल्प लॉर्ड्सनी फेटाळला, त्यावरून १९१० या एका वर्षात दोन निवडणुका झाल्या आणि मग पार्लमेंट ॲक्टने लॉर्ड्सचा नकाराधिकार काढून त्यांच्याकडे फक्त विलंब ठेवला: धनविधेयकाला, म्हणजे फक्त कर आणि सरकारी पैशांविषयीच्या विधेयकाला, एक महिना, इतर विधेयकांना दोन वर्षे, १९४९ मध्ये या दोन वर्षांचे एक झाले. इटलीत दोन्ही सभागृहे सर्व बाबतींत समान आहेत, सरकारला दोघांचाही विश्वास लागतो आणि विधेयक दोन्हीकडे शब्दशः एकसारखे मंजूर होईपर्यंत येरझाऱ्या घालत राहते. ते बदलण्याचा प्रस्ताव डिसेंबर २०१६ च्या सार्वमतात लोकांनीच फेटाळला आणि पंतप्रधान मात्तेओ रेंझी पायउतार झाले. मूळ प्रस्तावापेक्षा सरकारवरचा राग त्यात जास्त होता, असे मला वाटते, पण ते असो.

या बाबतीत आपली घटना समंजस आहे. सरकार फक्त लोकसभेला जबाबदार. धनविधेयक राज्यसभा जास्तीत जास्त १४ दिवस ठेवू शकते आणि तिच्या शिफारशी लोकसभेवर बंधनकारक नाहीत. साध्या विधेयकावर मतभेद झाले तर दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावता येते आणि तिथे लोकसभेचे संख्याबळ दुपटीहून अधिक असल्याने निकाल बहुधा ठरलेलाच. आजवर तीन विधेयके या मार्गाने मंजूर झाली: १९६१ मध्ये हुंडाबंदीचे, १९७८ मध्ये बँकिंग सेवा आयोग रद्द करण्याचे आणि २००२ मध्ये ‘पोटा’ या दहशतवादविरोधी कायद्याचे. घटनादुरुस्तीला मात्र संयुक्त बैठकीची वाट नाही. तिथे दोन्ही सभागृहांनी स्वतंत्रपणे दोन-तृतीयांश मतांनी होकार द्यायचा. शिवाय राज्यसूचीतील विषयावर संसदेला कायदा करू द्यायचा किंवा नवी अखिल भारतीय सेवा निर्माण करायची, तर त्याची किल्ली अनुच्छेद २४९ आणि ३१२ प्रमाणे एकट्या राज्यसभेकडे आहे. म्हणजे रोजच्या कारभारात शेवटचा शब्द लोकसभेचा आणि राज्यांच्या अधिकारांना किंवा घटनेलाच हात घालायचा असेल, तर राज्यसभेचा होकार अनिवार्य. वाटणी चांगली आहे. अडचण आहे ती तिला बगल देण्याची.

ही बगल कशी दिली जाते, ते ‘आधार’च्या कायद्यात स्पष्ट दिसते. हे विधेयक २०१६ मध्ये धनविधेयक म्हणून आणले गेले. धनविधेयक म्हणजे कर, सरकारी कर्ज, संचित निधी अशा घटनेत मोजून दिलेल्या विषयांपुरतेच मर्यादित विधेयक. तसे ते आहे की नाही, यावर लोकसभा अध्यक्षांचा निर्णय अंतिम. राज्यसभेने १६ मार्च २०१६ रोजी पाच दुरुस्त्या सुचवून ते परत पाठवले आणि त्याच दिवशी लोकसभेने त्या पाचही नाकारल्या. त्यांतली एक दुरुस्ती कलम ५७ वगळण्याची होती. या कलमामुळे खासगी कंपन्यांनाही ‘आधार’ मागता येणार होता. पुढे सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने कायदा टिकवला, पण कलम ५७ चा खासगी कंपन्यांना मुभा देणारा भाग घटनाबाह्य ठरवला. राज्यसभेने जे एका दिवसात सुचवले होते, त्याच्या जवळपास जायला देशाला अडीच वर्षे न्यायालयात घालवावी लागली. मधल्या काळात बँकेपासून मोबाइलच्या दुकानापर्यंत जिथे तिथे ‘आधार’ मागितला गेला, तो अनुभव वाचकांना नव्याने सांगायला नको. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी तर हे विधेयक धनविधेयक म्हणून मंजूर करणे हीच घटनेची फसवणूक असल्याचे म्हटले. न्यायाधिकरणांच्या रचनेत बदल करणारा २०१७ चा वित्त कायदाही याच वाटेने गेला होता. त्या निमित्ताने धनविधेयकाचा प्रश्न नोव्हेंबर २०१९ मध्ये अधिक मोठ्या घटनापीठाकडे सोपवण्यात आला.

घाई हाही वळसाच असतो. तीन कृषी विधेयकांपैकी दोन २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत मतविभाजनाची विरोधकांची मागणी मान्य न होता, गदारोळात आवाजी मतदानाने मंजूर झाली. ती प्रवर समितीकडे पाठवण्याच्या सूचनाही तशाच निकाली निघाल्या. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिन्ही कायद्यांना स्थगिती दिली आणि नोव्हेंबरमध्ये संसदेने ते मागे घेतले. कायदे चांगले होते की वाईट, हा वाद मी इथे उकरत नाही. ते चांगले होते असे मानणाऱ्यांनीच खरे तर जास्त हळहळायला हवे. समितीत काही महिने गेले असते, शेतकरी संघटनांच्या साक्षी झाल्या असत्या, तर कदाचित त्यांतले काही तरी शिल्लक राहिले असते.

आता सभागृहानेही आपल्या अंगणात पाहावे. राज्यसभेची उमेदवारी म्हणजे निवडणुकीत पडलेल्यांचे राजकीय पुनर्वसन, ही आपल्याकडची रूढ समजूत उगाच झालेली नाही. उमेदवार त्या राज्याचा मतदार असावा, ही अट २००३ च्या दुरुस्तीने गेली आणि आमदारांचे मतदानही खुले झाले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कुलदीप नय्यर यांच्या याचिकेवर हे दोन्ही बदल वैध ठरवले. खुल्या मतदानाने घोडेबाजाराला काही प्रमाणात आळा बसला असेल, पण पक्षादेशाची पकड त्याहून घट्ट झाली. राज्याशी काहीही संबंध नसलेला सदस्य त्या राज्याच्या नावाने बसतो आणि दिल्लीतल्या पक्षनेतृत्वाच्या आदेशाने मत देतो, तेव्हा राज्यांचे सभागृह हे बिरुद पोकळ वाटू लागते. याला पर्याय म्हणून काही अभ्यासक जर्मनीकडे बोट दाखवतात. तिथे प्रत्येक राज्याला लोकसंख्येप्रमाणे तीन ते सहा मते असतात आणि ती सगळी एकगठ्ठाच द्यावी लागतात. मार्च २००२ मध्ये स्थलांतराच्या विधेयकावर ब्रांडेनबुर्ग राज्याचा एक मंत्री ‘होय’ आणि दुसरा ‘नाही’ म्हणाला. अध्यक्षांनी मुख्यमंत्र्यांना पुन्हा विचारून राज्याची मते ‘होय’ धरली, विधेयक मंजूर झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या घटना न्यायालयाने एवढ्या कारणावरून अख्खा कायदा रद्द केला. वरिष्ठ सभागृहातील एकेका मताची मोजणी किती गांभीर्याने घ्यायची असते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. मात्र ती पद्धत जशीच्या तशी इथे आणावी, असे मला वाटत नाही. आपल्याकडे राज्य सरकारांनाच मते दिली, तर राज्यांतल्या विरोधी पक्षांचा आवाज राज्यसभेतून पूर्ण जाईल.

वरिष्ठ सभागृह बरखास्त करून सुखाने नांदणारे देश आहेत, हेही मान्य केले पाहिजे. न्यूझीलंडने १९५० मध्ये, डेन्मार्कने १९५३ मध्ये आणि स्वीडनने १९७० च्या सुमारास एकच सभागृह पत्करले. हे देश आकाराने लहान आणि एकात्म आहेत. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वामुळे, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा मिळत असल्यामुळे, एका पक्षाला निर्विवाद बहुमत क्वचितच मिळते, म्हणजे लगाम सभागृहाच्या आतच आहे. न्यूझीलंडला ही उणीव जाणवली. आधी सभागृह गेले, मग बेलगाम मंत्रिमंडळाचा अनुभव आला आणि १९९३ च्या सार्वमतानंतर तिथेही निवडणुकीची पद्धत बदलून प्रमाणशीर झाली. आयर्लंडच्या मतदारांनी २०१३ मध्ये आपले सिनेट रद्द करण्याचा सरकारी प्रस्ताव थोड्या फरकाने फेटाळला. ज्या संघराज्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास मते मिळवून लोकसभेत स्वच्छ बहुमत मिळू शकते, तिथे दुसरे सभागृह काढायचे असेल, तर त्याच्या जागी काय ठेवणार, ते आधी सांगावे लागेल.

आयर्लंडच्याच घटनेत आपल्या धनविधेयकाच्या दुखण्यावर एक तोडगा आहे. तिथेही विधेयकावर धनविधेयकाचा शिक्का कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्षच मारतात. पण सिनेटला तो मान्य नसेल, तर ठराव करून राष्ट्राध्यक्षांकडे दाद मागता येते. राष्ट्राध्यक्ष तो प्रश्न दोन्ही सभागृहांच्या समसमान सदस्यांच्या समितीकडे सोपवू शकतात, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात आणि तिने २१ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. मुदतीत निर्णय आला नाही, तर अध्यक्षांचा शिक्का कायम. ब्रिटनच्या १९११ च्या कायद्यातही सभापतींनी शिक्का मारण्यापूर्वी, शक्य असल्यास, दोन ज्येष्ठ सदस्यांचा सल्ला घ्यावा असे म्हटले आहे. धनविधेयकाची व्याख्या करणाऱ्या आपल्या अनुच्छेद ११० मध्ये अशी एखादी पायरी घातली, तर लोकसभा अध्यक्षांचा अधिकार राहील, सरकारचा अर्थसंकल्प तीन आठवड्यांपलीकडे कोणी अडवू शकणार नाही आणि भलताच कायदा धनविधेयकाच्या वेष्टनात गुंडाळून नेणे अवघड होईल. यासाठी घटनादुरुस्ती लागेल आणि ती राज्यसभेतूनही दोन-तृतीयांश मतांनी मंजूर व्हावी लागेल. ती व्हायची तेव्हा होवो. तोवर, लोकसभेने मंजूर केलेले पण आधी कोणत्याही समितीपुढे न गेलेले विधेयक राज्यसभेत आपोआप समितीकडे जाईल आणि एका सदस्यानेही मागितले तरी मतविभाजन टाळता येणार नाही, एवढा नियम राज्यसभा स्वतःच्या कामकाजाच्या नियमावलीत स्वतः करू शकते. त्यासाठी तिला लोकसभेची परवानगी लागत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक